पाठ केलेला तक्ता

आबा,

तुमची नात उद्या बारावीचा पेपर देणार आहे. दुपारच्या सत्रातला. तिला मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मिळणार आहे आणि इतरांपेक्षा वेळही जास्त मिळणार आहे. त्यासाठी आम्ही दोघींनी किती उंबरे झिजवले ते आमचं आम्हाला माहीत. पेपर सहाला सुटायचा तो तिच्यासाठी सातला सुटेल, आणि फेब्रुवारीत जळगावला सात वाजता किती उजेड असतो हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? तिला आणायला मी जाते असं सांगून बसलेय. घरात कुणाशी बोलावं तर सोय नाही, म्हणून तुमच्याशी बोलतेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावायची सवयही मोडली होती माझी. आज मात्र राग आलाय, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही.

तुमची नात तुम्हाला फोटोतून ओळखते. खाकी शर्ट, तोंडात पान, सूतगिरणीच्या बसला टेकून उभे. ती विचारते, आजोबा रागीट होते का गं? मी म्हणते, छे, कधी आवाज चढवला नाही त्यांनी. ते बस चालवायचे, गिरणीत पाळीवर काम करणाऱ्या बायकांना गावागावातून न्यायचे आणि परत सोडायचे. बायका तुम्हाला भाऊ म्हणायच्या, दिवाळीला डब्यातून फराळ आणायच्या. एवढं सांगते आणि थांबते. पुढचं सांगायला लागले की माझीच जीभ अडखळते.

तुम्हाला आठवतं का, आई चुलीपुढे कळण्याची भाकरी थापायची आणि तुम्ही मला मांडीवर घेऊन पाटावर बसायचात? तुम्ही म्हणायचात, ग. मी म्हणायचे, लप. मग तुम्ही, तनर. मग मी, चवमट. मग दोघं मिळून, दकयघस. पाढ्यांसारखी चाल लावली होती तुम्ही त्याला. आई चिडायची, पोरीला काही देवाधर्माचं शिकवा म्हणायची. मला वाटायचं सगळ्यांच्या घरात हे म्हणतात. शाळेत गेल्यावर कळलं की कुणालाच येत नाही. वर्षातून एकदा गिरणीचे डॉक्टर ड्रायव्हर लोकांचे डोळे तपासायचे. त्या दिवशी तुम्ही आंघोळ करून, केसांना तेल लावून जायचात आणि येताना जिलबी आणायचात. आई भीत भीत विचारायची, काय झालं. तुम्ही डोक्यावर बोट ठेवून म्हणायचात, "बठ्ठं पाठ शे." सगळं पाठ आहे म्हणजे काय, हे न विचारता मी जिलबी खायचे. तो भिंतीवर टांगलेला डोळ्यांचा तक्ता होता, हे मला फार पुढे कळलं.

आणि तो तुमचा हात. दिवेलागण झाली की तुमचा हात माझ्या खांद्यावर यायचा. बाजारातून येताना, लग्नाच्या पंगतीतून उठताना, देवळाच्या पायऱ्या उतरताना. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाप असावा तर असा, पोरीला क्षणभर सोडत नाही. मी फुशारून चालायचे. गटार आलं की मी जरा थांबायचे, तुम्हीही थांबायचात. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं करायला, पण शिकले होते. कोण कुणाला नेतंय हे गल्लीतल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. आता वाटतं, कुणाच्या तरी यायला हवं होतं.

शाळा सुटली की संध्याकाळी, आणि सुटीत तर दिवसभर, मी बसमध्येच असायचे. संध्याकाळच्या फेरीला तुम्ही मला गिअरच्या शेजारी उभं करायचात आणि तो आपला खेळ सुरू व्हायचा. पुढे काय दिसतं ते सांगायचं. मी सांगायचे, बैलगाडी. सायकल. म्हैस, म्हैस, थांबली. समोरून ट्रक. मागच्या बायका हसायच्या, भाऊची पोरगी किती बडबडी. तुम्ही म्हणायचात, शाबास, आणि ब्रेकवर पाय ठेवायचात. मागे बसभर बायका, कुणाच्या मांडीवर तान्हं, सगळ्या दिवसभराच्या दमलेल्या, निम्म्या डुलक्या घेणाऱ्या. आणि पुढे त्यांचा सगळा भरवसा माझ्या बडबडीवर. मी दुसरी-तिसरीत होते, आबा. आज शाळेत मी त्याच वयाची पोरं शिकवते. त्यांना नीट पाणी भरून आणायला सांगितलं तर निम्मी बाटली वाटेत सांडतात. त्यांच्याकडे बघताना कधीकधी अंगावर काटा येतो.

तुम्ही मला एकदाच मारलंत. गिरणीच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर कुणी साहेब होते, त्यांनी गमतीत विचारलं, काय गं, रोज बसमध्ये काय करतेस? मी म्हटलं, आबांना संध्याकाळी दिसत नाही, मी सांगते त्यांना. साहेब खो खो हसले. तुम्हीही हसलात. घरी येईपर्यंत हसतच होतात. दाराची कडी लावलीत आणि मग अशी दिलीत की कानात घंटा वाजली. तुमचा आवाज मात्र खालचाच होता. "मना घरमा 'दिसस नही' अस्सं बोलानं नही." मग तुम्हीच रडलात, मला कुशीत घेतलंत आणि परत म्हणालात, "कोनलेबी सांगू नको, बेटा." त्यानंतर मी कधी सांगितलं नाही. आईनंही ते शब्द कधी काढले नाहीत. आपल्याकडे डाळ करपली, पैसे संपले, पोटात दुखतं, सगळं मोठ्यानं बोलता यायचं. तेवढे शब्द सोडून.

मला ताप आला होता त्या आठवड्यात तुम्ही एकटेच गेलात. एरंडोलच्या अलीकडे बस रस्ता सोडून कपाशीच्या वावराकडेच्या नाल्यात उतरली. कुणी मेलं नाही, ही देवाची कृपा. एका मावशीचा हात मोडला तो कायमचा वाकडा राहिला. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की बिनकंदिलाची बैलगाडी आडवी आली. गाडी कुणाची, कुठल्या गावची, गेली कुठे, काही पत्ता लागला नाही, आणि बसमधल्या एकाही बाईनं ती पाहिली नव्हती. पण तुम्ही इतक्या ठामपणे सांगायचात की सगळ्यांनी मानलं. त्यानंतर तुम्ही स्वतःहून फाटकावरचं काम मागून घेतलंत. ती मावशी रोज तुमच्यासमोरून वाकड्या हातात डबा धरून जायची आणि म्हणायची, राम राम भाऊ. मी तुम्हाला त्या गाडीबद्दल कधी विचारलं नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही विचारलं नाही. तुम्ही आपणहून एकदा म्हणालात, बैल पांढरे होते.

माझं लग्न ठरवताना तुम्ही पाहण्याचा कार्यक्रम भर दुपारी ठेवलात. पाहुणे उन्हात घामाघूम झाले. आई म्हणाली संध्याकाळी बोलवा, गार असतं. तुम्ही ऐकलं नाहीत. मला कळेना, हा काय हट्ट. सासरी निघताना तुम्ही माझ्या हातात तीन सेलची स्टीलची बॅटरी दिलीत. जमलेली माणसं हसली, लेकीला कुणी बॅटरी देतं का? मला इतकी लाज वाटली की मी ती कपड्यांच्या तळाशी कोंबली. मग एकदा सासरी, अंधार पडल्यावर, अंगणात मी भरलेल्या बादलीवर जाऊन आदळले आणि सासूबाई म्हणाल्या, समोर बघून चाल की. मी समोरच बघत होते. तेव्हा ती बॅटरी तळातून काढली आणि मला कळलं की तुम्हाला आधीच कळलं होतं. कधी कळलं, कशावरून कळलं, देव जाणे. तुम्ही ओळखलंत, आणि मला सांगण्याऐवजी बॅटरी दिलीत. माझा राग आहे तो हाच.

तर माझं चाललंय असं. धरणगावला शाळेत आहे, जळगावहून उजेडात जाते, उजेडात परत येते. स्नेहसंमेलन, हळदीकुंकू, रात्रीची जेवणं, कशालाच जात नाही. शाळेत मला घरकोंबडी म्हणतात. म्हणू देत. घरात दिवे चार वाजता लागतात. तुमचे जावई घरी असले की स्वतः लावतात. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. कायद्यानं म्हणे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, दुसरं जमेल ते काम द्यावं लागतं. हे मला तुमच्या नातीनंच सांगितलं, तिला वाटलं ती मला सामान्य ज्ञान देतेय.

कारण तिला तिच्या हक्कांचं सगळं तोंडपाठ आहे. दहावीत तिनं कुणाला काही न सांगता पेपर दिले. गणितात शेवटचा प्रश्न राहिला आणि भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत ओळी एकमेकींवर चढल्या. निकालानंतर ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइल नाकाला लावून बसली आणि संध्याकाळी मला म्हणाली, मम्मी, मला नीट दिसत नाही, आणि त्यासाठी सवलत असते, आणि ती हक्काची असते. किती सहज म्हणाली. वरणात मीठ कमी आहे म्हणावं तसं. माझा हात आपोआप कानाकडे गेला.

सवलत मिळायला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्राला ठरावीक टक्के लागतात. गेल्या पावसाळ्याआधी जळगावला सरकारी डॉक्टरांच्या बोर्डासमोर तपासणी होती. मी बाहेर बाकावर बसले. ती दहा मिनिटांत बाहेर आली, चेहरा पांढराफटक. म्हणाली, मम्मी, मी सगळं वाचलं. मला समजेना. खरं सांगते, पहिल्या क्षणाला मला बरंच वाटलं. मग तिनं सांगितलं. डॉक्टरांनी तक्त्यावर छडी ठेवली, ग म्हणेपर्यंत ठीक होतं, मग पुढचं आपोआप निघत गेलं. त्याच चालीत. तिच्या वेण्या घालताना मी ते म्हणायचे ना. मला दुसरं काही येत होतं का? मी तिथल्या तिथे आत जाऊन सांगायला हवं होतं, पण टक्के लिहून झाले होते आणि दार बंद झालं होतं. टक्के भरले नाहीत. घरी येताना ती रिक्षात एवढंच म्हणाली की आपल्या घरात पास होण्याची सवय फार वाईट लागलीय. सतरा वर्षांची पोर, आबा.

तिनंच फेरतपासणीचा अर्ज केला. ती धुळ्याला लागली. त्या सकाळी बसमध्ये ती खिडकीशी बसली. रस्ता आता ओळखू येत नाही, केवढा रुंद झालाय, पूल झालेत. एरंडोल जवळ आलं तसं मी डोळे मिटून घेतले. तिनं विचारलं, आजोबा याच रस्त्यावर चालवायचे ना? मी हो म्हटलं. मस्त होतं नाही, ती म्हणाली. मी पारोळ्यापर्यंत डोळे उघडले नाहीत.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान. बोलणं कोरडं, पण उद्धट नाही. तक्ता तिथेही तोच. तुमची नात या वेळी तोंड घट्ट मिटून बसली होती. जेवढं दिसलं तेवढंच वाचलं, तिसऱ्या ओळीत थांबली, दिसत नाही म्हणाली. मग अंधाऱ्या खोलीतलं मशीन. पांढऱ्या मोठ्या वाटीत तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. बटणाचा आवाज बाहेर येत होता. फार कमी वेळा येत होता. मग थेंब टाकून, थांबवून, डॉक्टरांनी डोळ्यांच्या आत पाहिलं आणि आम्हाला दोघींना समोर बसवलं.

"पडद्यावर डाग आहेत, ते मला दिसतात," त्या म्हणाल्या. "पण हिला किती दिसतं, ते मला हिच्याच सांगण्यावरून कळणार. मशीनसुद्धा हिच्या बोटावर चालतं. जळगावला हिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय. आज तिसऱ्या ओळीत थांबली. परीक्षा जवळ आली म्हणून थांबली का?"

"तेव्हा मी वाचलं नव्हतं, मॅडम," तुमची नात म्हणाली. "म्हटलं होतं. तक्ता पाठ आहे मला."

"तक्ता कोण पाठ करतं?"

त्यांचंही चुकलं नाही. खोटी प्रमाणपत्रं मागायला लोक येतात म्हणे, धडधाकट माणसं डोळे मिचकावत येतात. त्या म्हणाल्या, खात्रीची दुसरी तपासणी आहे, पडद्यातली वीज मोजायची, पण त्यासाठी मुंबईला जावं लागेल आणि तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. कॉलेजात कागद द्यायची मुदत त्याच महिन्यात संपत होती. त्यांनी पेन उचललं. तुमच्या नातीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मान वळवली, थेंबांमुळे तिला जवळचं काही दिसत नव्हतं. तिच्या गालावर ते औषधाचं पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती.

मी उठले, दाराकडे तोंड केलं, तक्त्याकडे पाठ, आणि म्हणायला लागले. ग. लप. तनर. चवमट. तुमच्याच चालीत, आबा, दुसरी येतच नाही. खालची अगदी बारीक ओळसुद्धा म्हटली, जी तिथे बसलेल्या कुणालाच तेवढ्या लांबून वाचता आली नसती. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटत होता. डॉक्टर म्हणाल्या, थांबा. मग त्यांनी कपाटातून वेगळं कार्ड काढलं, अक्षरांऐवजी चिन्हांचं, कुणाला पाठ नसलेलं, आणि थेंबांनी लांबचं बिघडत नाही म्हणून तक्त्याइतक्या अंतरावरून तुमच्या नातीसमोर धरलं. ती पहिल्या एक-दोन चिन्हांनंतर म्हणाली, दिसत नाही. डॉक्टर बराच वेळ लिहीत होत्या.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"वडिलांनी. ड्रायव्हर होते ते."

त्यांचं पेन थांबलं. "कुठे चालवायचे?"

"इथेच. जळगाव-धुळे रस्त्यावर."

त्यांनी तुमच्या नातीला बाहेर बाकावर डोळे मिटून बसायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, आता तुम्ही बसा. मी म्हटलं, मला काही त्रास नाही, संध्याकाळी जरा कमी वाटतं एवढंच. त्यांनी मशीनची खुर्ची पुढे ओढली. मी त्या पांढऱ्या वाटीत तोंड घातलं आणि ठरवलं की पास व्हायचं. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. तिथे कुणी मला काढून टाकणार नव्हतं, कुणी मारणार नव्हतं. पण मी बटण दाबत राहिले. टक टक टक. बाहेर आले तेव्हा मला वाटलं, छान झालं.

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं आणि शांतपणे समजावलं. हे मशीन मधूनमधून नुसताच आवाज करतं, दिवा लावत नाही. माणूस खरं सांगतोय का ते बघण्यासाठी. दिवा नसतानाही मी बहुतेक वेळा बटण दाबलं होतं. म्हणून ही तपासणी धरता येत नाही, परत यावं लागेल. "मुलीला सांगा," त्या म्हणाल्या, "आणि अंधारात एकट्या बाहेर पडू नका." मी हो म्हटलं. पण आबा, मी खोटं दाबलं नव्हतं हो. मला दिसले होते ते दिवे. आवाज आला की मला दिवा दिसायचा, खरंच दिसायचा, पिवळा, कडेला. परतीच्या बसमध्ये एरंडोल मागे पडलं तेव्हा मला तुमची बैलगाडी कळली. तुम्हीही खोटं बोलत नव्हतात. तुम्हाला पांढरे बैल दिसले असणार. तेवढ्या अंधारात, तेवढ्या बायकांना घेऊन, तुम्ही नसलेल्या गाडीला वाचवायला स्टिअरिंग फिरवलंत.

तुमच्या नातीला प्रमाणपत्र मिळालं. कॉलेजनं कागद वेळेत पुढे पाठवले. ती घरभर नाचली. मग रात्री जेवताना म्हणाली, मम्मी, डॉक्टर म्हणाल्या हे घराण्यातून येतं, आजोबांकडून आलं असणार, पण बघ ना, तुझ्यात नाही उतरलं. म्हणजे सगळ्यांचं वाढतंच असं नाही. माझंही इथेच थांबेल. तुमच्या जावयांनी माझ्याकडे पाहिलं आणि भाजीचं भांडं पुढे सरकवलं. मी म्हटलं, हो गं, थांबेल. तिनं मशीनचं विचारलं तेव्हा मी नॉर्मल आलं म्हणून सांगितलं होतं. परत बोलावल्याची तारीख केव्हाच उलटून गेली. तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांच्या भरवशावर आहे. अभ्यासाला बसते तेव्हाही, आणि पुढे एल.एल.बी. करेन म्हणते तेव्हाही.

आता उद्याचं. तुमच्या जावयांची दुसरी पाळी, ते रात्रीशिवाय सुटत नाहीत. तिच्या मैत्रिणी सहालाच पेपर देऊन निघून जातील. मी येते, असं मी म्हटलं आणि तीही निर्धास्त म्हणाली, तू आहेस ना, मग झालं. सेंटरच्या फाटकापासून रिक्षा मिळते तो चौक जवळ नाही, आणि मधल्या गल्लीत दिवे कधी असतात कधी नसतात. मी काय केलं असेल? तुमचीच पोर मी. चार दिवस रोज दुपारी जाऊन ती वाट पाठ केली. फाटक, पायरी, उतार, खांब, गटारावरची फरशी, पानटपरी, मग डावीकडे. चाल लावून पाठ केली. काल घरी येताना वाटलं, जमेल. तिचा हात माझ्या खांद्यावर ठेवायचा आणि चालत सुटायचं, लोक म्हणतील काय माया आहे मायलेकींची.

आज दुपारी परत गेले. खांबापासून पुढे अख्खी गल्ली खणलीय, पाण्याच्या पाइपासाठी. फरशी उचलून भिंतीला लावलीय. खड्ड्याच्या कडेला ना दोरी ना कंदील. खाली डोकावले तर भर उन्हातही मला तळ सापडेना. तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारलं, कधी बुजवणार? तो म्हणाला, होईल की आठ-पंधरा दिवसांत, आणि उद्या आणखी पुढे खणू. आणखी पुढे म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. तुमचा तक्ता भिंतीवर होता, त्यातली अक्षरं जागची हलत नव्हती, म्हणून तुमचं निभलं. आणि रस्त्यावर गेलात तेव्हा नाही निभलं.

उद्या त्या खड्ड्याशी आम्ही दोघी असू. ती माझ्या भरवशावर आणि मी कशाच्या भरवशावर? बॅटरी आहे, तुमचीच, अजून चालते. पण तिचा उजेड मला आता हाताएवढाच दिसतो. शेजारच्यांना सांगता येईल, शाळेतल्या कुणाला सांगता येईल, सेंटरवरच्या बाईंना सांगता येईल की आम्हाला दोघींना रिक्षापर्यंत सोडा. मागितलं तर कुणीही करेल एवढंच काम आहे. पण मग कारण सांगावं लागेल, आणि ते आधी तिला सांगावं लागेल, पेपरच्या आदल्या दिवशी, तिची सगळी आशा माझ्या डोळ्यांवर टांगलेली असताना. तिथून आल्यापासून मी चार वेळा आतल्या दारापर्यंत जाऊन आले. आत ती मोबाइलवर धडे ऐकतेय, तो आवाज मला इथे येतोय.

आबा, मला दिसत नाही.

लिहिलं बघा. तुमच्या घरात काढायचे नव्हते ते शब्द. आधी तुम्हालाच सांगून पाहिले, कारण तुम्ही आता हात उचलू शकत नाही आणि रडूही शकत नाही. वाटलं होतं, एकदा लिहून काढले की तोंडातून निघणं सोपं जाईल. तसं काही झालेलं नाही. आतला आवाज थांबला. तुमची नात बाहेर आलीय, चहा मागतेय, समोर बसून विचारतेय, मम्मी, एवढं काय लिहितेस? मी कागद लपवला नाही, तसाच टेबलावर तिच्याकडे सरकवला. तिनं तो नाकाशी धरला, वळवून पाहिला आणि परत ठेवला. माझं अक्षर तिला लागत नाही. म्हणजे मला बोलावंच लागणार.